पेडलबोर्डवर पेडलं आणि फूटस्विच पक्के कसे बसवावेत?

प्रश्न थोडक्यात असा: गिटारच्या पेडलांसाठी १२ मिमी प्लायचा घरी केलेला ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड आहे. त्यावर एक वाह (टाच-पंजाने हलवायचं पेडल), बॉस कंपनीची तीन पेडलं, धातूच्या छोट्या डब्यातली दोन पेडलं आणि ॲम्पचा दोन बटणांचा फूटस्विच आहे. सगळं चिकट पाठीच्या वेल्क्रोवर बसवलंय. एप्रिलपासून वाह सुटायला लागलं, बॉसच्या पेडलांखालची पट्टी सोलून निघते, आणि फूटस्विच पाय लागला की सरकतो. बोर्ड स्कूटरवरून पुण्यात कोथरूड ते विमाननगर असा फिरतो. ड्युअल लॉक (थ्रीएम कंपनीची वेल्क्रोसारखी, पण जास्त घट्ट पट्टी) घ्यावं, की सगळं स्क्रूने ठोकून टाकावं?

स्क्रू वापरा, पण सरसकट नको; ड्युअल लॉकची तुम्हाला गरज नाही. आणि पैसे खर्च करण्याआधी सुटलेलं पेडल उलटं करून नक्की काय सुटलंय ते बघा. तीनच शक्यता असतात.

दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी घट्ट आहेत आणि फक्त खरखरीत बाजू मऊ बाजूपासून वेगळी झाली, तर वेल्क्रो खरोखरच कमी पडतोय. असं फार क्वचित होतं, आणि झालं तर बहुतेक वेळा वाहच्या बाबतीत. पट्टी बोर्डवरच राहिली आणि पेडलच्या तळापासून निघाली, तर दोष तळाचा: रबर, खडबडीत रंग किंवा तेलकटपणा. पट्टी पेडलला चिकटून आली आणि प्लायपासून सुटली, तर प्लाय कच्चा आहे, त्यावर भुसा आहे किंवा त्याला ओल लागली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ड्युअल लॉक आणून काहीच फरक पडणार नाही, उलट त्रास वाढेल. त्याची पकड वेल्क्रोपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे पेडल ओढताना पाठीचा गोंद आणखी लवकर उखडतो.

दुसरी गोष्ट जोराच्या दिशेची. पेडल आडवं सरकवायचा प्रयत्न केला तर वेल्क्रो चांगला तग धरतो, कारण तेव्हा त्याचे सगळे हूक एकदम काम करतात. तेच पेडल एका कडेने उचललं तर भार फक्त त्या कडेच्या एका रांगेवर येतो आणि पट्टी सोलत जाते. साधं ओव्हरड्राइव्हचं पेडल पायाने दाबताना जोर जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे तिथे वेल्क्रो पुरतो. वाहमध्ये टाच दाबली की पुढची कड उचलते, पंजा दाबला की मागची. दर गाण्यात हे शेकडो वेळा होतं. म्हणून वाह आणि व्हॉल्यूम पेडल नट-बोल्टवर, लांब वायरचा फूटस्विचही नट-बोल्टवर, आणि बाकी सगळं नीट लावलेल्या वेल्क्रोवर. तुमच्या बोर्डसाठी हीच विभागणी ठेवा.

आधी बोर्ड

कच्च्या प्लायवर कुठलाही गोंद फार दिवस टिकत नाही. वरची व्हिनियर भुसभुशीत असते, ती गोंदाबरोबर उकलून येते. सगळ्यात चांगला उपाय सुताराकडेच मिळतो: वरून १ मिमी सनमायका. गुळगुळीत सनमायकावर चिकट पट्टी अप्रतिम बसते. मात्र एकाच बाजूला सनमायका लावला तर पावसाळ्यात बोर्ड वाकतो, म्हणून मागच्या बाजूने लायनर (पातळ लॅमिनेट) लावाच. उघड्या कडांना सीलर किंवा ऑइल पेंट द्या, ओल तिथूनच शिरते. नवा बोर्ड करायचा असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. एवढ्या मापाचा १२ मिमी प्लाय साधारण दीड किलो भरतो. ९ मिमी घेतला तर तीन-चारशे ग्रॅम वाचतात, पण स्क्रूला पकड कमी मिळते आणि बोर्ड मधोमध लवतो. खाली दोन आडव्या पट्ट्या माराव्याच लागतात.

सनमायका नको असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुसा ओल्या फडक्याने नाही तर कोरड्या ब्रशने काढा आणि वार्निशचे दोन हात द्या. वार्निश हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही, आठवडाभर थांबा. मऊ वार्निशवर लावलेली पट्टी वार्निशसकट निघते.

बोर्डवर मऊ बाजू आणि पेडलला खरखरीत बाजू, हा प्रघात पाळा. उलटं करूनही काही बिघडत नाही, पण मग मित्राचं पेडल तुमच्या बोर्डवर बसणार नाही. शिवाय बोर्डवरची खरखरीत बाजू पिशवीच्या अस्तराला आणि हाताच्या कातडीला ओरबाडत राहते.

बोर्डवरच्या मऊ बाजूसाठी चिकट पाठीचा वेल्क्रो वापरण्याऐवजी शिवायचा, म्हणजे बिनगोंदाचा, ५० मिमी रुंदीचा वेल्क्रो घ्या. शिवणकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मीटरवर मिळतो. फेविकॉल एसआर किंवा तत्सम कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह बोर्डवर आणि पट्टीच्या पाठीवर पातळ पसरा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग एकदाच नेमकं ठेवून दाबा. नंतर सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने रेघ मारा. गोंद जाड लावला तर तो विणीतून वर येतो आणि मऊ बाजूचे धागे कडक होतात. तेवढा भाग मग पकड धरत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक स्टेपल किंवा छोटा खिळा मारून ठेवा. बाजारातल्या स्वस्त चिकट वेल्क्रोचा गोंद बहुधा रबरी असतो आणि तो पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचं आतलं तापमान त्याच्या सहज वर जातं. तुमचा बोर्ड स्कूटरवरून जातो, पण वाह उन्हाळ्यातच का सुटायला लागला याचं उत्तर अशाच उष्णतेत असावं.

पेडलचा तळ

बॉसच्या पेडलांना खाली रबरी पॅड असतो. रबरात मऊपणासाठी घातलेली तेलं हळूहळू पृष्ठभागावर येतात, म्हणून त्यावर कुठलाही गोंद आठ-पंधरा दिवसांत हार मानतो. फेविक्विक लावून बघायचा मोह टाळा. तो कडक आणि ठिसूळ होतो, पायाच्या धक्क्याने तडकतो आणि आसपास पांढरी भुकटी धरतो. पॅड काढणं हाच मार्ग आहे. हेअर ड्रायरने मध्यम उष्णतेवर एक-दोन मिनिटं गरम करा, एका कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि अगदी सावकाश सोला. हीट गन नको. निघालेला पॅड टाल्कम पावडर लावून, बटरपेपरमध्ये गुंडाळून जपून ठेवा. पेडल विकताना घेणारा आधी तळच बघतो. त्याच कारणासाठी सिरीयल नंबरच्या लेबलवर पट्टी लावू नका. लेबल मध्ये मोकळं सोडून पुढे-मागे पट्ट्या लावल्या तरी काम होतं.

छोट्या धातूच्या डब्यांना चार रबरी टिकल्या असतात. त्या राहू दिल्या तर पट्टी बोर्डला टेकतच नाही किंवा अर्धवट टेकते, आणि पेडल डुगडुगतं. टिकल्या काढा. ज्यांना बॅटरी लागते त्यांचा तळ दोनदा बघा. ट्यूब स्क्रीमर टीएस-९ चं बॅटरीचं झाकण तळालाच आहे, ते झाकू नका. एमएक्सआरच्या छोट्या डब्यांत बॅटरी बदलायला तळाचे चार स्क्रू काढावे लागतात. बॉसमध्ये मात्र पुढचा अंगठ्याने फिरणारा स्क्रू सैल केला की बॅटरी वरूनच निघते, त्यामुळे तिथे तळ झाकला तरी चालतो.

तळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे आयपीए म्हणून मागा. थिनर वापरू नका, रंग आणि लेबलं दोन्ही जातात. तळाला खरखरीत पावडर कोटिंग असेल तर पट्टी बसेल तेवढाच भाग ४०० नंबरच्या पेपरने हलका घासा, मग पुसा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

बॉसच्या मापाचं पेडल सुमारे ७३ मिमी रुंद आणि १२९ मिमी लांब असतं. त्याला २५ मिमी रुंद, ६० मिमी लांब अशा दोन पट्ट्या आडव्या लावा, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागच्या. कडेपासून २-३ मिमी आत, आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा; टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. पट्टी मधोमध लावली तर पेडल सीसॉसारखं हलतं. सगळा तळ भरून वेल्क्रो लावायची गरज नाही, मग ते निघता निघत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. पट्टी लावली की अंगठ्याने जोरात दाबा आणि पेडल तसंच उलटं ठेवून द्या, एक पूर्ण दिवस. लगेच बोर्डवर बसवून "जरा इकडे, जरा तिकडे" करत ओढलं तर गोंद बसायच्या आधीच सुटतो. थ्रीएमच्या ॲक्रिलिक गोंदाला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. वीस मिनिटांत जेमतेम निम्मी येते, २४ तासांत ९० टक्क्यांच्या आसपास. शनिवारी कार्यक्रम असेल तर बुधवारी पट्ट्या लागलेल्या हव्यात. भर पावसाळ्यात दमट खोलीत हे काम करू नका, किंवा आधी तळ ड्रायरने कोमट करून घ्या.

ड्युअल लॉक कुठे

थ्रीएम ड्युअल लॉकमध्ये खरखरीत-मऊ असा भेद नसतो, दोन्हीकडे कुत्र्याच्या छत्रीसारख्या डोक्यांचे खुंट असतात आणि ते एकमेकांत अडकतात. एसजे-३५५० हा नेहमीचा प्रकार, त्यात दर चौरस इंचाला २५० खुंट असतात आणि तो स्वतःशीच जुळतो. एसजे-३५५१ मध्ये ४०० आणि एसजे-३५५२ मध्ये १७०. हे दोन एकमेकांशी जुळवता येतात. ४०० ला ४०० जोडू नका, दाटीमुळे ते नीट बसत नाही. जुळल्यावर जाडी साधारण पावणेसहा मिमी होते, म्हणजे पेडल वेल्क्रोपेक्षा थोडं उंच बसतं.

त्याचा उपयोग जड, पण हलवावं न लागणाऱ्या पेडलांना: मोठा डिले, मल्टी-इफेक्ट. तुमच्या यादीत तसं काही नाही. तरी घ्यायचंच असेल तर वर सांगितलेल्या वेल्क्रोच्या निम्मं माप पुरे, चार कोपऱ्यांत चार तुकडे. काढताना सरळ वर ओढायचं नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा पुट्टीची पात एका कडेखाली घालून हलकेच पीळ द्या आणि एका टोकाकडून सोला.

वाह

क्राय बेबीसारखी वाह दीड किलोच्या पुढे असते. तिच्या तळाचे चार रबरी पाय स्क्रूने बसवलेले असतात, त्याच भोकांचा उपयोग करा. पाय काढा, तळाचा ठसा कागदावर घ्या, चार भोकं कागदावर टोचा आणि तो कागद बोर्डवर चिकटवून ३ मिमीच्या बिटने खुणेची भोकं पाडा. मग स्क्रूच्या मापाने मोठी करा, अर्धा मिमी सैल ठेवून. खालच्या बाजूने भोकाची कड फुटू नये म्हणून बोर्डखाली टाकाऊ लाकूड धरा. स्क्रू बोर्डच्या खालून वर जाणार, मोठा वॉशर आणि स्प्रिंग वॉशर घालून. बोर्ड आणि वाहच्या मध्ये २-३ मिमी रबर किंवा ईव्हीए शीटचा तुकडा घाला, म्हणजे धातू थेट प्लायवर घासत नाही.

स्क्रूच्या मापाबद्दल दोन इशारे. अमेरिकन बनावटीच्या पेडलांत बरेचदा इंची आटे असतात. उदाहरणार्थ हॅमंड १५९०बी डब्याच्या झाकणाचे स्क्रू ६-३२ चे असतात. दिसायला साडेतीन मिमीचे, पण मेट्रिक स्क्रू दोन फेऱ्यांत अडतो, आणि जोर केला तर डब्यातला आटा गेलाच म्हणून समजा. मूळ स्क्रू खिशात घालून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि नट फिरवून जुळवून घ्या. दुसरं, लांबी मोजूनच घ्या: मूळ स्क्रू + बोर्डची जाडी + वॉशर आणि रबर, वजा काढलेल्या रबरी पायाची जाडी. ५ मिमी जास्त झाला तरी आतल्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) टेकतो. अशा वेळी पेडल बंद पडतं ते पायाने दाबल्यावरच, घरी टेबलावर छान चालतं. हा दोष शोधायला फार वेळ जातो.

भोकं पाडायची नसतील तर नायलॉनचे केबल टाय, ७.६ मिमी रुंदीचे. फटी असलेल्या बोर्डवर हे सोपं. तुमच्या प्लायवर टायसाठी फट पाडावीच लागेल, मग बोल्टच बरा.

सायकलची साखळी

छोट्या डब्यांना गोंद लावायचाच नसेल तर हा जुना, स्वस्त आणि फारच चांगला मार्ग आहे. सायकल दुरुस्तीवाल्याकडून जुन्या साखळीचा तुकडा घ्या, पिना ठोकून बाहेरच्या पत्त्या सुट्या करा, रॉकेलमध्ये धुवा. पत्तीला दोन भोकं असतात, त्यांच्या मध्यांत अर्धा इंच अंतर. एक भोक पेडलच्या तळाच्या स्क्रूखाली, दुसरं बोर्डकडे. भोक साधारण साडेतीन मिमीचं असतं. एम-३ स्क्रू आरामात जातो, ६-३२ साठी गोल कानस दोन-चार वेळा फिरवावी लागते. तळाचा स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा पत्तीच्या जाडीइतकाच, म्हणजे १ मिमी जास्त लांब लागतो; बऱ्याचदा मूळ स्क्रूच पुरतो. बोर्डात ४ नंबरचा अर्धा इंची लाकडी स्क्रू मारा, आधी २ मिमीचं भोक पाडून. १२ मिमी प्लायमधून तो आरपार जात नाही. छोट्या डब्याला तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन पत्त्या पुरतात. रबरी टिकल्या ठेवायच्या असतील तर पत्ती आणि बोर्डच्या मध्ये टिकलीच्या जाडीचा वॉशर ठेवा, नाहीतर स्क्रू आवळताना पत्ती वाकते आणि झाकण ताणलं जातं.

तोटा एकच: पेडलांची जागा बदलायची सवय असेल तर प्लायची चाळण होते. फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बसवलेला, ठरलेला संच असेल तर हा उपाय उत्तम. दर महिन्याला नवं पेडल आणणाऱ्यांनी वेल्क्रोवरच राहावं.

फूटस्विच

ॲम्पचा फूटस्विच हलका असतो आणि त्याला पाच-सहा मीटरची वायर लटकलेली असते. तो पायाने सरकतो त्यापेक्षा जास्त वेळा वायरच्या ओढीने सरकतो. म्हणून आधी वायर बांधा. डब्यापासून ५-७ सेंटिमीटरवर थोडी ढील ठेवून टाय-बेस (केबल टाय अडकवायचा छोटा पाया) आणि केबल टायने ती बोर्डला पकडा. टाय-बेस स्क्रूचा घ्या, चिकटवायचा नको. नंतर डबा उघडा, आतल्या वायरी आणि स्विच टाळून तळाच्या पत्र्यात दोन साडेचार मिमीची भोकं पाडा आणि एम-४ चे चपट्या डोक्याचे स्क्रू आतून खाली, बोर्डच्या खालच्या बाजूला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा). डोक्यावर इन्सुलेशन टेप. डबा प्लॅस्टिकचा असेल तर आतून मोठा वॉशर द्याच, नाहीतर डोकं प्लॅस्टिकमधून ओढलं जातं.

बोर्डमध्येच स्वतंत्र स्विच बसवायचा विचार असेल तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या ३पीडीटी (पेडलांत वापरतात त्या पायाने दाबायच्या) स्विचच्या गळ्याला १२ मिमी आटा असतो, पण त्याची लांबी १२ मिमी प्लायमधून पार होऊन नट धरण्याइतकी नसते. प्लायला मोठी खिडकी पाडा, वरून २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा आणि पत्र्यात १२ ते १२.५ मिमीचं भोक पाडा. स्टेप ड्रिलने ते गोल पडतं. दोन स्विचच्या मध्यांत ७० मिमी अंतर ठेवा, बूट घातलेला पाय डोळ्यांसमोर आणून. आतला नट उंची ठरवतो, दात असलेला वॉशर पत्र्याच्या आतल्या बाजूला, वर नायलॉन वॉशर आणि नट. आवळताना १४ मिमी पाना फक्त वरच्या नटावर, आणि दुसऱ्या हाताने स्विचचं अंग घट्ट धरलेलं. स्विच फिरला की पाठीमागच्या सोल्डर केलेल्या वायरी पिळून तुटतात.

पॉवर सप्लाय बोर्डखाली लटकणार असेल तर तो नुसत्या गोंदावर कधीच लावू नका. लटकतं वजन दिवसरात्र ओढत असतं आणि गोंद हळूहळू वाहतो. एल-क्लॅम्प किंवा पत्र्याची पट्टी वापरा. पॅच केबल ताणून लावू नका आणि अती आखूडही घेऊ नका. कडक केबल पेडलला बाजूला ढकलत राहते आणि महिन्याभरात ते तिरकं होतं. बाजूच्या जॅकसाठी दोन पेडलांत २५-३० मिमी मोकळं ठेवा, चपटे प्लग असतील तर त्याहून कमी चालेल.

सगळं बसल्यावर बोर्ड गादीवर उलटा धरा आणि दहा-बारा वेळा चांगला हलवा. मग बूट घालून प्रत्येक स्विच मधोमध नाही तर मुद्दाम कडेला दाबून बघा. डुगडुग तिथेच कळते. वाह टाच-पंजा, टाच-पंजा पन्नास वेळा हलवा आणि खालचे स्क्रू पुन्हा आवळा, पहिल्यांदा रबर दबतं त्यामुळे ते थोडे सैल होतातच. स्कूटरवरून नेताना बोर्ड पायाजवळ उभा ठेवलात तर गतिरोधकांचे धक्के थेट आट्यांना बसतात. पिशवीत तळाला फोम घाला आणि महिन्यातून एकदा पाना फिरवा. बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरतं. लाल घेऊ नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही, आणि गरम करायला गेलात तर प्लास्टिक आधी जाईल. थ्रेडलॉकर प्लास्टिकच्या डब्यालाही लागू देऊ नका, त्याने प्लास्टिकला चिरा पडतात. तिथे नायलॉक नटच ठेवा.

आत्ता बॉसच्या तळाला आणि बोर्डला जो जुना चिकट थर राहिलाय तो ब्लेडने खरवडू नका. निलगिरीचं तेल फडक्यावर घेऊन पाच मिनिटं दाबून ठेवा, मग अंगठ्याने चोळलं की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. शेवटी आयपीएने दोनदा पुसा. तेलाचा अंश राहिला तर नवी पट्टीही त्याच कारणाने सुटेल.